रॅम्पवर बोट चढवताना ट्रेलर नेमका किती बुडवायचा?

मिनेटोंकाकर

मंडळी, इथे बोटवाले किती आहेत माहीत नाही, पण तळ्यांच्या काठी राहणारे बरेच दिसतात, म्हणून धागा काढतोय.

एक वापरलेली बोट घेतली आहे. १६ फुटी, ॲल्युमिनियमची, मागे ४० हॉर्सपॉवरची मोटर. ट्रेलर बंकवाला आहे, म्हणजे दोन लांब फळ्या, त्यांवर जाड कापड ठोकलेलं, आणि त्या फळ्यांवर बोट बसते. ओढायला आमची रोजचीच एसयूव्ही. रॅम्पवरून, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या उतारावरून, बोट पाण्यात सोडायला काही अडचण नाही. परत चढवताना मात्र दरवेळी तिरकी बसते. पाण्यात असताना अगदी मधोमध दिसते. विंचने, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या पट्ट्याच्या हातरहाटाने, नाक पुढच्या रबरी टेकूपर्यंत ओढून घेतो, बायको डॉकवरून "सरळ आहे" म्हणते, आणि गाडी वर काढली की मागचा भाग एका बाजूला चार-पाच इंच सरकलेला. मग पुन्हा खाली, पुन्हा वर. रविवार संध्याकाळी मागे ट्रेलरांची रांग असते. मिनेसोटातली माणसं हॉर्न वाजवत नाहीत, नुसती बघत बसतात. हॉर्न परवडला.

तर ट्रेलर किती खोल न्यायचा? जितका खोल तितकं सोपं असं मला वाटत होतं, कारण बोट आपोआप तरंगत आत येते. आणि मोटर चालू ठेवून तिच्या जोरावर बोट चढवणारे बरेच दिसतात, ते बरोबर आहे का?

पोहेवाला

प्रश्नाचं उत्तर माहीत नाही, पण वाचायला बसलोय. वहिनींना आमचा नमस्कार सांगा, डॉकवर उभं राहून "सरळ आहे" म्हणणाऱ्या माणसाची बाजू कोणी घेत नाही.

जुना_खलाशी

मिशिगनमध्ये बरीच वर्षं बोट ठेवून आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमचा ट्रेलर जास्त खोल जातोय. कारण असं: बोट पाण्यावर आडवी, समतल तरंगते. ट्रेलर उतारावर असतो, म्हणजे त्याचं मागचं टोक खाली आणि पुढचं वर. रॅम्पचा उतार १५ टक्के धरला तर १६ फुटांत पुढच्या-मागच्या टोकांत जवळपास अडीच फुटांचा फरक पडतो. म्हणजे पाण्यात असताना बोट पूर्ण ट्रेलरवर बसूच शकत नाही. फार तर तिचं नाक फळ्यांच्या पुढच्या भागाला टेकतं, मागचा भाग तरंगतच राहतो. तो टेकतो गाडी वर येताना. बोट तिरकी होते ती याच वेळी, तुम्ही विंच फिरवत असताना नाही.

ट्रेलर प्रमाणाबाहेर बुडवला की नाकसुद्धा टेकत नाही. अख्खी बोट फळ्यांच्या वर नुसती तरंगते आणि एका पट्ट्याने नाकाशी अडकलेली असते. वारा नेईल तिकडे तिचा मागचा भाग जातो आणि गाडी निघाली की असेल तिथे बसतो. उलट फारच कमी बुडवला तर कोरड्या कापडावरून बोट ओढावी लागते, विंचचा दांडा फिरत नाही, आणि मग माणसं मोटरचा जोर लावायला जातात.

बंकवाल्या ट्रेलरला माझा अंदाज: ट्रेलरच्या चाकांवरचं मडगार्ड पाण्याच्या पातळीला आलं की थांबायचं. फळ्यांचा साधारण दोन तृतीयांश भाग पाण्याखाली, पुढचा एक तृतीयांश वर. हा आकडा सगळीकडे चालत नाही. उतार तीव्र असेल तर थोडं कमी आत जायचं, सपाट असेल तर जास्त. एका रॅम्पवर जमलं की तिथे मडगार्डवर पाणी कुठे होतं ते लक्षात ठेवा, रंगीत चिकटपट्टी लावली तरी चालेल.

आधी ट्रेलर पूर्ण बुडवून कापड ओलं करा, मग गाडी दोन-तीन फूट पुढे घेऊन योग्य खोलीवर थांबा. ओल्या कापडावर बोट किती सहज सरकते ते बघाच.

आणि वर काढताना एकदम निघू नका. गाडी फूटभर पुढे घ्या, मागचा भाग टेकायला लागतोय असं दिसलं की थांबा. बघा. तिरकी असेल तर याच क्षणी मागच्या दोराने किंवा हाताने ढकलून मध्ये आणता येते, कारण वजन अजून पाण्यावर असतं. पूर्ण वर आल्यावर चार माणसं लागली तरी हलत नाही.

मिनेटोंकाकर

खलाशीकाका, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मी मडगार्डं पार दिसेनाशी होईपर्यंत आत नेतो.

अजून एक. कधीकधी नाक टेकूला अगदी चिकटलेलं असतं आणि वर सपाटीवर आलं की मध्ये तीन बोटांची फट पडते. तेही खोलीमुळेच का?

जुना_खलाशी

हो, त्याच कोनामुळे. तीव्र उतारावर नाक वर उचललेलं असतं, सपाटीवर बोट फळ्यांवर नीट बसली की जरा मागे आणि खाली येते. थोडी फट पडली तर वर सपाटीवर आल्यावर विंचचे दोन-तीन खटके आवळा. ती हलतच नसेल तर पुढच्या वेळी ट्रेलर थोडा कमी बुडवा. फट तशीच ठेवून हायवेला लागू नका. ब्रेक मारला की बोट पुढे येऊन टेकूवर आदळते.

एकटी_निघाले

ऑस्टिनहून. लेक ट्रॅव्हिसवर मी बहुतेक वेळा एकटीच जाते, त्यामुळे "बायको डॉकवर, नवरा गाडीत" हा प्रयोग माझ्याकडे होत नाही.

एकटीने करायचं तर सगळा खेळ दोन दोरांचा आहे. एक नाकाला, एक मागच्या कोपऱ्याला, दोन्ही बोटीच्या लांबीपेक्षा बरेच लांब. बोट डॉकला बांधते, ट्रेलर आणते, योग्य खोलीवर लावते, मग डॉकवरून चालत दोन्ही दोरांनी बोट ट्रेलरवर आणते. मोटर बंद आणि वर उचललेली. मागचा दोर शेवटपर्यंत हातात, कारण तिरकं बसणं त्याच्यानेच थांबतं. एकदा आत आली की विंचचा हुक नाकाच्या कडीत आणि दांडा फिरवायचा. एवढंच. आरडाओरडा करायला कोणी सोबत नसल्यामुळे फार शांतपणे होतं.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. रॅम्पवर रिव्हर्स घेताना मी काचा खाली आणि सीटबेल्ट काढलेला ठेवते. ओल्या शेवाळावर गाडी घसरून पाण्यात गेली तर बाहेर पडायला वेळ थोडाच असतो. त्याच कारणाने मुलं आणि कुत्री गाडीत ठेवायची नाहीत, आधी उतरवायची. गाडीतून बाहेर पडताना पार्क तर हवंच, शिवाय हँडब्रेक पूर्ण ओढलेला हवा. चाकामागे लाकडी ठोकळा असेल तर उत्तम.

आणि रॅम्पवर एकटी बाई रिव्हर्स घेताना दिसली की पार्किंगमधले सगळे काका हातवारे करायला धावत येतात. एक डावीकडे म्हणतो, एक उजवीकडे. त्यांना म्हणावं, डॉकवर उभे राहा आणि मागचा दोर धरा, खरी मदत तिथे होते.

घाईतला

एवढा ऊहापोह कशाला? मोटर चालू ठेवा, हळू ट्रेलरवर या, नाक टेकलं की थोडा थ्रॉटल द्या, बोट वर. एक जण हुक लावतो, गाडी निघाली. दोन मिनिटांचं काम. आमच्या तळ्यावर सगळे असंच करतात. दोर, खोली, चिकटपट्टी, हे सगळं लग्नाच्या मांडवासारखं वाटतंय.

जुना_खलाशी

सगळे करतात म्हणूनच रॅम्पची वाट लागते. नाक टेकल्यावर तुम्ही थ्रॉटल देता तेव्हा बोट जागेवरच असते आणि पंख्याचं पाणी मागे तळावर जोरात आदळतं. जिथे आदळतं तिथे काँक्रीट संपत आलेलं असतं. ते पाणी काँक्रीटच्या कडेपलीकडची वाळू-खडी उपसतं, तिथे खड्डा होतो, आणि उपसलेला माल थोडा मागे जाऊन साठतो, तिथे उंचवटा होतो. पुढचा माणूस ट्रेलर जरा मागे नेतो, चाकं काँक्रीटच्या कडेवरून खड्ड्यात पडतात आणि ॲक्सल कडेला अडकतो. उंचवट्यावर दुसऱ्याच्या मोटरचा पंखा घासतो तो वेगळाच. म्हणून बऱ्याच रॅम्पवर मोटरच्या जोरावर चढवायला बंदीची पाटी असते.

स्थापत्यवाला

जुना_खलाशी यांना दुजोरा. अमेरिकेतल्या बोट रॅम्पसाठी साधारण १२ ते १५ टक्के उताराची शिफारस असते. त्याहून सपाट असेल तर गाडीची मागची चाकं पाण्यात जाईपर्यंत ट्रेलर पुरेसा बुडत नाही, त्याहून तीव्र असेल तर गाड्यांना वर यायला पकड मिळत नाही. पाण्याखालचा भाग बऱ्याचदा आधीच ओतलेल्या काँक्रीटच्या पट्ट्या जोडून केलेला असतो आणि टोकाला मोठे दगड टाकलेले असतात. त्या दगडांखालची माती पंख्याच्या पाण्याने निघून गेली की शेवटच्या पट्टीचा आधार जातो आणि ती तुटते किंवा खचते. दुरुस्तीला पाण्याखाली काम करावं लागतं, तेवढे दिवस रॅम्प बंद.

पाणी कमी असलेल्या वर्षी हे जास्त दिसतं, कारण काँक्रीटची कड पृष्ठभागाच्या जवळ येते.

एकटी_निघाले

ट्रॅव्हिसवर नेमकं हेच होतं. इथल्या पाण्याची पातळी दुष्काळात इतकी खाली जाते की सार्वजनिक रॅम्प एकामागून एक बंद होतात. उरलेल्या एक-दोन रॅम्पवर सगळी गर्दी, आणि पाणी कमी असल्यामुळे काँक्रीट कुठे संपतं ते पायाने चाचपडत बघावं लागतं. मी अनोळखी रॅम्पवर ट्रेलर नेण्याआधी वल्ह्याने तळ तपासते. खड्डा लगेच कळतो.

घाईतला

बरं, काँक्रीटचं पटलं. पण आडवा वारा असेल तेव्हा मोटरशिवाय बोट ट्रेलरपर्यंत आणणार कशी? दोराने ओढताना ती ट्रेलरच्या बाजूने निघून जाते.

जुना_खलाशी

मोटरने ट्रेलरपर्यंत यायला कोणाचीच ना नाही. आक्षेप आहे टेकल्यावर थ्रॉटल देण्याला. वाऱ्याच्या बाजूने या, म्हणजे ज्या बाजूने वारा येतोय तिकडे थोडं झुकून ट्रेलरकडे वळा, वारा बोटीला मधोमध आणून सोडेल. अगदी हळू, फक्त सुकाणू चालेल एवढाच वेग. नाक फळ्यांमध्ये शिरलं की न्यूट्रल, मोटर बंद, वर उचला, आणि उरलेलं विंचवर सोडा. नदीत असाल तर तोंड प्रवाहाच्या विरुद्ध ठेवून या, नाहीतर प्रवाह मागचा भाग फिरवून बोट आडवी करतो.

ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर उभे खांब बसवून घ्या, पांढऱ्या पीव्हीसी नळीचं वेष्टन असलेले मिळतात. ट्रेलर पाण्यात गेल्यावर तो कुठे आहे हे त्या खांबांनी दिसतं आणि मागचा भाग त्यांच्या मध्येच राहतो. पैसे खर्च करायचे तर पहिले यावर करा. पाँटून बोटवाल्यांना (नळकांड्यांसारख्या तरंगांवर सपाट डेक असलेली बोट) तर हवेतच, ती बोट म्हणजे वाऱ्याला आडवी धरलेली भिंत.

ऑकलंडचा_बाब्या

इकडे न्यूझीलंडमध्ये समुद्र आहे, त्यामुळे वरच्या सगळ्यात भरती-ओहोटी मिसळा. सकाळी भरतीला बोट सोडली तेव्हा जो रॅम्प छोटा दिसला, तोच दुपारी ओहोटीला लांबलचक आणि खालच्या अर्ध्या भागात हिरवा, बुळबुळीत. जो भाग रोज पाण्याखाली असतो तिथे शेवाळ असणारच. गाडीची ओढणारी चाकं त्या हिरव्या पट्ट्यावर गेली की जागच्या जागी फिरतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचे हाल जास्त, कारण उतारावर वजन मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात. मी परतायची वेळ अर्ध्या भरतीच्या आसपास ठरवतो.

काही किनाऱ्यांवर तर रॅम्पच नाही, तिथे लोक जुने ट्रॅक्टर ठेवतात आणि थेट वाळूवरून बोटी उतरवतात-चढवतात. गंजून लाल झालेले ट्रॅक्टर, पण गाडी मिठाच्या पाण्यात घालण्यापेक्षा तो गंजलेला बरा.

खारं पाणी असेल तर घरी आल्यावर ट्रेलर गोड्या पाण्याने धुवायचाच. ब्रेक, स्प्रिंगा, हब, विंच, सगळं. मोटरच्या आतूनही गोडं पाणी फिरवायचं. याला कंटाळा केला तर ट्रेलर काही वर्षांत हातात येतो, तुकड्यांनी.

हर्णैचा_पाहुणा

हे सगळं वाचून मजा वाटली, कारण आमच्याकडे रॅम्पही नाही आणि ट्रेलरही नाही, तरी तुमच्या सोळा फुटांच्या कितीतरी पट मोठ्या होड्या दरवर्षी वर येतात.

१ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते. त्याच्या आसपास होड्या किनाऱ्यावर घ्यायच्या असतात. त्यासाठी अमावास्या-पौर्णिमेचं उधाण गाठायचं, कारण त्या भरतीला पाणी सर्वांत वर येतं आणि होडी तरंगतच जितकी वर आणता येईल तितकी आणली जाते. उरलेलं अंतर खाली गोल ओंडके किंवा वंगण लावलेल्या फळ्या टाकून दोराने ओढायचं. पूर्वी सगळी आळी दोराला असायची, आता बऱ्याच ठिकाणी जेसीबी किंवा क्रेन येते. वर आली की दोन्ही बाजूंनी टेकू, आणि मग झावळ्यांनी किंवा आता ताडपत्रीने शाकारून ठेवायची.

खलाशीकाकांनी सांगितलेलं तत्त्व आमच्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. होडी पाण्यावर आहे तोवरच तिचं तोंड सरळ करून घ्यायचं. एकदा तिने वाळू धरली की मग तुमचं काही चालत नाही. ओढताना एकच माणूस ओरडणार, बाकीचे फक्त त्याचं ऐकणार, हाही नियम आहे. तुमच्या डॉकवर तो लागू करा.

मिनेटोंकाकर

आमच्या घरी तो एकच माणूस कोण हे ठरायला वेळ लागेल.

शिडाची_होडी

पुण्यात शिडाच्या छोट्या होड्या चालवायचो तेव्हा हाताने ढकलायची ट्रॉली असायची. दोन माणसं ट्रॉली पाण्यात नेतात, होडी तरंगू लागली की ट्रॉली काढून घेतात, परत येताना उलटं. त्या वजनाला विंच वगैरे काही लागत नाही, पण शीड आधी उतरवायचं हे मात्र पक्कं. शीड वर असताना होडी ट्रॉलीवर घेतली की वाऱ्याने दोन्ही घेऊन जाते.

अर्धवटराव

मूलभूत शंका: ट्रेलर रिव्हर्स घेणंच जमत नाही त्यांचं काय? माझ्या डोक्यात डावं-उजवं उलटं होतं.

घाईतला

याचं उत्तर मी देतो, म्हणजे माझी अब्रू थोडी परत येईल. स्टीअरिंगचा खालचा भाग धरा, सहा वाजता काटा असतो तिथे. आता ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला जायला हवं त्या बाजूला हात न्या. डावीकडे हवं तर हात डावीकडे. उलटसुलट विचार करायची गरजच पडत नाही. हालचाल अगदी थोडी करा आणि ट्रेलर वळायला लागला की लगेच सरळ करायला घ्या. तो जास्तच दुमडला तर रिव्हर्समध्ये झगडू नका, पुढे जाऊन सरळ करा आणि पुन्हा या. छोटा ट्रेलर पटकन दुमडतो, लांब ट्रेलर सावकाश, त्यामुळे लहान बोटवाल्यांनी खचून जाऊ नये.

रविवारी सकाळी एखाद्या ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करा. दोन रिकामे खोके ठेवा, मध्ये ट्रेलर घाला. रॅम्पवर शिकू नका.

जुना_खलाशी

घाईतला, हे उत्तम सांगितलंत.

रांगेच्या शिष्टाचाराचं राहिलं. रॅम्पवर फक्त बोट चढायला लागते तेवढाच वेळ थांबायचं. मासेमारीचं सामान काढणं, लाईफ जॅकेटं गोळा करणं, मागचे पट्टे आवळणं, हे सगळं वर सपाटीवर बाजूला उभं राहून. मागचे लोक तुमच्यावर चिडतात ते बोट तिरकी बसली म्हणून नाही, तुम्ही रॅम्पवर उभे राहून थंडपेटी रिकामी करता म्हणून. आणि रात्री रॅम्पवर असताना हेडलाइट बंद करून बारीक दिवे ठेवा. पुढचे दिवे वर पार्किंगकडे असतात, शेजारच्या पट्ट्यात रिव्हर्स घेणाऱ्याच्या डोळ्यांवर थेट येतात, त्याला आरशात काही दिसत नाही.

रॅम्प सोडण्याआधी मात्र दोन गोष्टी पक्क्या: विंचचा पट्टा, आणि त्याशिवाय नाकाच्या कडीला वेगळी साखळी. नुसत्या विंचवर भरवसा ठेवून उतार चढू नका. पट्टा उन्हाने कुजतो, वरून धड दिसतो. ट्रेलरच्या फळ्यांवर गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या बसवल्या असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं. बोट काँक्रीटवर घसरून पडलेली मी पाहिली आहे.

आणि विंचचा खटका वजनाखाली कधी सोडू नका. दांडा उलटा फिरतो आणि बोटं मोडतो. पट्टा ताणलेला असताना त्याच्या रेषेत उभं राहू नका, बाजूला राहा.

मिनेटोंकाकर

माहितीत भर म्हणून, आमच्याकडे रॅम्पवर तपासनीस असतात. बोट बाहेर आली की तळाचा प्लग काढायचा, आतलं पाणी सोडायचं, मोटर आणि ट्रेलरला अडकलेलं तण काढायचं. मिनेसोटात प्लग काढूनच बोट रस्त्यावर न्यायची असा कायदा आहे. झेब्रा शिंपले या बाहेरून आलेल्या, झपाट्याने पसरणाऱ्या शिंपल्यांमुळे. १९८८मध्ये मिशिगनजवळच्या लेक सेंट क्लेअरमध्ये ते उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडले, जहाजं तोल राखायला तळात भरतात त्या पाण्यातून आले असं मानतात. मिनेसोटात १९८९मध्ये डुलुथच्या बंदरात, आणि आमच्या मिनेटोंका तळ्यात २०१०मध्ये. त्यांच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून बोटीच्या तळात उरलेलं वाटीभर पाणीसुद्धा दुसऱ्या तळ्यात न्यायचं नसतं.

मासे धरायचं जिवंत आमिष घरी न्यायचं असेल तर तळ्याचं पाणी टाकून नळाचं किंवा बाटलीचं भरायचं, हेही त्यातच येतं.

एकटी_निघाले

टेक्सासमध्येही २०१४पासून राज्यभर पाणी सोडूनच निघावं लागतं. ट्रॅव्हिसमध्ये हे शिंपले २०१७मध्ये सापडले. अनवाणी रॅम्पवर उतरायचे दिवस संपले, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. जुने बूट ठेवा गाडीत.

ऑकलंडचा_बाब्या

आमच्याकडे २०२१मध्ये ग्रेट बॅरियर बेटाजवळ कौलर्पा नावाचं परकं समुद्री शैवाल सापडलं, त्यामुळे नांगर आणि त्याची साखळी झटकून तपासायची सवय लागली आहे. छोट्याशा तुकड्यातूनही ते पुन्हा वाढतं.

पोहेवाला

प्लग काढला हे ठीक, पण पुढच्या वेळी पाण्यात सोडताना तो परत लावायची आठवण कोण करतं?

एकटी_निघाले

माझा प्लग गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात असतो. प्लग लावल्याशिवाय बोटीची किल्ली सुटत नाही.

अर्धवटराव

शेवटची शंका. रॅम्पवर आल्यावर काही लोक ट्रेलरच्या चाकाच्या मधोमध हात लावून बघतात आणि थांबून राहतात. पूजा करतात का?

जुना_खलाशी

हब गरम आहे का ते बघतात. लांबून आलात की बेअरिंग तापलेलं असतं. ते तसंच थंड पाण्यात घातलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की बेअरिंग गंजतं आणि एक दिवस हायवेवर चाक निखळतं. म्हणून सामान लावेपर्यंत हब गार होऊ द्यायचे. जुन्या पद्धतीचे बल्ब असतील तर पाण्यात जाण्याआधी ट्रेलरच्या दिव्यांची वायरही काढून ठेवायची, गरम काच थंड पाण्यात तडकते. सीलबंद एलईडी असतील तर तो प्रश्न नाही.

मिनेटोंकाकर

माझं ग्रीस कधी बदललंय हे आधीच्या मालकालाही माहीत नव्हतं. काय बघू?

जुना_खलाशी

चाक जॅकवर उचला, हाताने फिरवा. खरखर आली किंवा चाक वर-खाली डुगडुगलं तर उघडा. टोपी काढून ग्रीस बघा, दुधी पांढरं दिसलं तर पाणी गेलंय, मग बेअरिंग आणि सील दोन्ही नवीन. नवीन घ्यायला जाताना जुनं बेअरिंग पुसून सोबत न्या, त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, दुकानदार त्यावरून काढून देतो. एक जास्तीचं घ्या आणि ग्रीस लावून डब्यात, पान्यासकट, गाडीतच ठेवा.